व्होल्गाकाठचे तातार, चुवाश, मारी, बाश्कीर आणि रशियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातली मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी कझानला जायला लागली, तेव्हापासून त्या भागाबद्दलचे प्रश्न वाढलेत. पालकांना हवामानाची आणि जेवणाची काळजी असते. मुलं तिथून विचारतात, "आमच्या वर्गातली आयगुल मुसलमान आहे, अन्ना चुवाश आहे, दोघी रशियन बोलतात, मग रशियन कोण?" ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत, आणि नकाशा उघडून बसायची आवड असलेल्यांसाठीही.

हा प्रदेश नेमका कुठे येतो?

व्होल्गा ही युरोपातली सर्वांत लांब नदी, सुमारे ३,५३० किलोमीटर. मॉस्कोच्या वायव्येला वल्दाईच्या टेकड्यांत ती उगम पावते, बराच काळ पूर्वेकडे वाहते आणि कझानपाशी दक्षिणेला वळते. थोडं खाली उरलकडून आलेली कामा तिला मिळते. या वळणाच्या आणि संगमाच्या आसपास रशियन संघराज्यातली सहा प्रजासत्ताकं दाटीवाटीने बसली आहेत: तातारस्तान (राजधानी कझान), बाश्कोर्तोस्तान (उफा), चुवाशिया (चेबोक्सारी), मारी एल (योश्कर-ओला), उदमुर्तिया (इझेव्स्क) आणि मोर्दोव्हिया (सारान्स्क).

भाषेच्या हिशेबाने इथे तीन कुळं एकत्र नांदतात. रशियन ही स्लाव्ह. तातार, बाश्कीर आणि चुवाश या तुर्की कुळातल्या. मारी, उदमुर्त आणि मोर्दवांच्या एर्झ्या व मोक्षा या फिनो-उग्रिक, म्हणजे फिनिश आणि हंगेरियनच्या लांबच्या नात्यातल्या. एक गोष्ट आधीच सांगतो: भाषेचा नकाशा, धर्माचा नकाशा आणि राज्याच्या सीमांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिलात, तर ते जुळत नाहीत. खालचे बहुतेक प्रश्न या न जुळण्यातूनच येतात.

तातार म्हणजे मंगोलच ना?

नाही. तातार नावाची एक टोळी मंगोलियात होती आणि चंगीझखानाने तिचा पाडाव केला, हे खरं. पण युरोपात ते नाव मंगोल सैन्याला आणि पुढे सुवर्ण टोळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या पश्चिमेकडच्या राज्यातल्या सगळ्याच तुर्की भाषकांना सरसकट चिकटलं. आजच्या कझान तातारांच्या मुळाशी व्होल्गा बल्गार (त्यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात), किपचाक नावाचे तुर्की भटके आणि स्थानिक फिनो-उग्रिक लोक आहेत, त्यात सुवर्ण टोळीचा थोडाफार अंश. त्यांची भाषा किपचाक शाखेची आहे. मंगोल भाषेशी तिचा वंशसंबंध नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत यातले कित्येक लोक स्वतःला नुसतं 'मुसलमान' म्हणवत. बाहेरच्यांनी दिलेलं 'तातार' हे नाव त्यांना टोचायचं. शिहाबुद्दीन मर्जानी (१८१८–१८८९) या कझानच्या विद्वानाने ते नाव अभिमानाने घ्यावं असा आग्रह धरला. आपण बल्गार की तातार, हा वाद तिथे आजही मधूनमधून पेटतो. बाहेरच्या माणसाने त्यात पडू नये.

क्रीमियन तातार हे आणखी वेगळे. १८ मे १९४४ पासून काही दिवसांत स्तालिनच्या राजवटीने त्यांना सामूहिकरीत्या मध्य आशियात हद्दपार केलं. त्यांचा इतिहास कझानच्या तातारांवर लादू नका.

बल्गार? म्हणजे बल्गेरियातले?

हो, मूळ तेच. सातव्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेला कुब्रात नावाच्या राजाचं राज्य होतं. ते मोडल्यावर त्याची माणसं पांगली. अस्पारुखची शाखा डॅन्यूबकडे गेली आणि ६८१ मध्ये बायझंटाइन सम्राटाला तिचं राज्य मान्य करावं लागलं. तिथे हे तुर्की भाषक अल्पसंख्य होते. दोनेकशे वर्षांत ते भोवतालच्या स्लाव्हांत मिसळले, ८६४ च्या सुमारास बोरिस राजाने बाप्तिस्मा घेतला, आणि आज बल्गेरियन ही स्वच्छ स्लाव्ह भाषा आहे.

दुसरी शाखा उत्तरेला व्होल्गा-कामाच्या संगमाकडे सरकली. तिने इस्लाम स्वीकारला. बगदादच्या खलिफाचं शिष्टमंडळ ९२२ च्या मे महिन्यात अल्मिश राजाकडे पोचलं. त्यातल्या इब्न फदलानने लिहून ठेवलेला एक प्रसंग मला फार आवडतो. राजाकडे बगदादहून आलेला एक शिंपी होता. रात्रीच्या नमाजाची बांग होईपर्यंत गप्पा माराव्यात म्हणून तो आणि इब्न फदलान तंबूत बसले. थोड्याच वेळात बांग झाली म्हणून बाहेर येऊन पाहतात तर उजाडलेलं! मुअज्जिनला विचारलं, ही कसली बांग? तो म्हणाला, पहाटेची. मग रात्रीची? ती आम्ही संध्याकाळच्या नमाजाबरोबरच उरकतो. कझानला उन्हाळ्यात राहिलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

तर एकाच टोळीच्या दोन शाखा. एकीचे वारस स्लाव्ह भाषा बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, दुसरीचे तुर्की भाषा बोलणारे मुसलमान. आणि त्या दुसऱ्या शाखेवर हक्क सांगणारं आणखी एक घर आहे, ते पुढच्या उत्तरात.

चुवाश तुर्की भाषा बोलतात, मग ख्रिस्ती कसे?

तुर्की भाषा म्हटलं की इस्लाम, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. चुवाशांनी ते कधी मानलं नाही. व्होल्गा बल्गारांच्या शहरांत इस्लाम रुजला तरी खेड्यापाड्यांतले बरेच लोक जुन्या देवदेवतांनाच धरून राहिले, आणि रशियन राज्य आल्यावर, मुख्यतः अठराव्या शतकात, त्यांना बाप्तिस्मा दिला गेला. जुने विधी पूर्ण गेले नाहीत. बाप्तिस्मा न घेतलेल्या चुवाशांची थोडी गावं अजून आहेत.

त्यांची भाषा हा अभ्यासकांचा खजिना आहे. तुर्की कुळाची ओगुर नावाची शाखा खूप आधी फुटून निघाली. तिच्यातली जिवंत उरलेली ही एकमेव भाषा. इतर तुर्की भाषांत जिथे 'झ' येतो, तिथे चुवाशमध्ये 'र' सापडतो: मुलीला तातार 'कझ' म्हणतात, चुवाश 'ख्येर'. इस्तंबूलचा माणूस कझानमध्ये अंदाजाने निभावून नेईल, चेबोक्सारीत मात्र त्याला काही कळायचं नाही. आणि गंमत अशी की तेराव्या-चौदाव्या शतकातल्या बल्गारांच्या मुसलमान थडग्यांवर, अरबी लिपीत, याच धर्तीची रूपं कोरलेली आहेत. म्हणजे बल्गारांचा धर्म आणि वारशाचा अभिमान तातारांकडे, भाषेचा धागा चुवाशांकडे.

तातार ख्रिस्तीही असतात का?

असतात. त्यांना क्र्याशेन म्हणतात. सोळाव्या ते अठराव्या शतकात बाप्तिस्मा घेतलेल्यांचे हे वंशज तातारीच बोलतात आणि चर्चमधली प्रार्थनाही तातारीत करतात. १८६० च्या दशकात निकोलाय इल्मिन्स्की या मिशनरी विद्वानाने त्यांच्यासाठी रशियन लिपीवर आधारलेली लेखनपद्धत तयार केली आणि कझानमध्ये शाळा काढली. २०१० च्या जनगणनेत सुमारे ३५ हजारांनी स्वतःची नोंद क्र्याशेन अशी केली. ते तातारांचा गट की स्वतंत्र समाज, यावर प्रत्येक जनगणनेच्या वेळी वाजतं.

१५५२ मध्ये काय झालं? सगळे त्याच वर्षाशी येऊन का थांबतात?

त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मॉस्कोच्या इव्हान चौथ्याने, म्हणजे 'भयंकर' इव्हानने, कझानचं खानराज्य जिंकलं. मॉस्कोच्या लाल चौकातलं रंगीबेरंगी घुमटांचं सेंट बेसिल चर्च याच विजयाची आठवण म्हणून १५५५ ते १५६१ मध्ये उभं राहिलं. पर्यटक त्यासमोर फोटो काढतात, कझानच्या माणसाला त्यात दुसरंच काही दिसतं.

मोहिमेची तयारी थक्क करणारी होती. आधीच्या वर्षी उग्लिचजवळच्या जंगलात एका अख्ख्या लाकडी किल्ल्याचे ओंडके तासले गेले, त्यांच्यावर खुणा केल्या गेल्या आणि ते व्होल्गेतून खाली सोडले गेले. कझानपासून ३० किलोमीटरवर ते पुन्हा जोडून चार आठवड्यांत स्वियाझ्स्क किल्ला उभा केला. मग वेढ्यात शहराच्या पाण्याची वाट भुयार खणून सुरुंगाने उडवली गेली. शहर पडलं, लढणारे बहुतेक मारले गेले. सईद कुल शरीफ हे धर्मगुरूही त्यात गेले. वाचलेल्या तातारांना तटाबाहेर, काबान तळ्याच्या काठी वसावं लागलं. जुनी तातार वस्ती आज तिथेच आहे.

पण हे 'रशियन विरुद्ध तातार' असं सरळ युद्ध नव्हतं. इव्हानच्या बाजूने मॉस्कोच्या आश्रयाखालच्या कासिमोव राज्यातले मुसलमान तातार होते, आणि स्वतः कझानच्या गादीवर आधी बसलेला शाह अली होता. उजव्या काठावरचे डोंगरी मारी आणि चुवाश १५५१ मध्येच मॉस्कोच्या बाजूला गेले. डाव्या काठावरचे कुरणातले मारी मात्र कझान पडल्यावरही कित्येक दशकं मॉस्कोशी लढत राहिले. दोन्ही मारींची भाषा जवळजवळ एकच, देवधर्म एकच, मधे फक्त नदी.

मग एवढ्या मशिदी कशा उरल्या?

उरल्या नाहीत, पुन्हा बांधल्या. १७४० च्या दशकात कझान प्रांतातल्या ५३६ पैकी ४१८ मशिदी पाडल्याची नोंद आहे. वारं फिरलं ते रशियाची महाराणी दुसरी कॅथरीन हिच्या काळात. १७६७ मध्ये ती स्वतः कझानला आली आणि दगडी मशिदीला परवानगी मिळाली. आज मर्जानीच्या नावाने ओळखली जाणारी ती मशीद १७७० मध्ये पुरी झाली. रशियन अधिकाऱ्यांनी मिनार उंच झाल्याची तक्रार केली तेव्हा महाराणी म्हणाली, जमीन मी दिली, आकाशावर माझा हुकूम चालत नाही. ही दंतकथा आहे, पण कझानमध्ये प्रत्येक गाइड ती सांगतो. १७७३ मध्ये धार्मिक सहिष्णुतेचा हुकूम निघाला, १७८८ मध्ये मुसलमानांसाठी सरकारी धर्मसभा स्थापन झाली. उदारपणा किती आणि मध्य आशियाच्या व्यापारासाठी तातार व्यापाऱ्यांची गरज किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं.

मारी लोक अजून झाडांची पूजा करतात, हे खरं की पर्यटन खात्याची जाहिरात?

खरं आहे. त्यांच्या देवरायांना ते 'क्यूसोतो' म्हणतात, पुजाऱ्याला 'कार्त'. बर्च, लिंडन किंवा ओकची राई राखलेली असते. आत फांदी तोडायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. सामुदायिक पूजेला स्वच्छ होऊन, पांढरे कपडे घालून जातात. कढयांत बळीचं मांस शिजतं. प्रत्येक देवाचं झाड वेगळं. मुख्य देव कुगू युमो. बरेच मारी चर्चमध्येही जातात आणि राईतही, आणि त्यात त्यांना अडचण वाटत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

बाप्तिस्म्याच्या सक्तीला आणि युद्धांना कंटाळून अनेक मारी पूर्वेला बाश्कीरांच्या मुलखात पळाले. जुना धर्म तिथे जास्त शाबूत राहिला, कारण आजूबाजूचे शेजारी मुसलमान होते आणि मिशनऱ्यांचा हात तिथवर कमी पोचला.

उदमुर्त आणि मोर्दवांबद्दल काहीच नाही?

थोडक्यात सांगतो. २०१२ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या बुरानोवोच्या आजीबाई उदमुर्त. इझेव्स्क म्हणजे कलाश्निकोव्ह रायफलचं गाव. 'मोर्दवा' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. एर्झ्या आणि मोक्षा स्वतःला वेगळे मानतात आणि त्यांच्या भाषा एकमेकांना सहज कळत नाहीत.

बाश्कीर आणि तातार यांत फरक काय?

भाषा इतक्या जवळच्या की गप्पा अडत नाहीत. धर्म एकच. फरक जगण्याचा होता. तातार शेतकरी आणि व्यापारी. बाश्कीर उरलच्या उतारावर घोडे आणि मेंढ्या घेऊन फिरणारे, आणि वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कासाठी पुन्हा पुन्हा बंड करणारे. कॅथरीनविरुद्धच्या पुगाचेव्हच्या बंडात (१७७३–७५) लढलेला सलावत युलायेव हा त्यांचा वीर आणि कवी.

त्यांचा मध पाहण्यासारखा आहे. बुर्झ्यान भागात जंगली मधमाश्यांसाठी जिवंत पाइनच्या खोडात उंचावर पोकळी कोरतात. कातडी दोर कमरेभोवती घेऊन माणूस वर चढतो, वर्षातून एकदा मध काढतो, माश्यांपुरता मागे ठेवतो. झाडावर कुटुंबाची खूण कोरलेली असते आणि ते झाड बापाकडून मुलाकडे येतं. घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस हेही तिथलंच. रशियन लेखक चेखव्ह १९०१ मध्ये लग्नानंतर लगेच क्षयावर उपाय म्हणून तिथे कुमिस प्यायला गेला होता.

गुंतागुंत अशी की २०१० मध्ये बाश्कोर्तोस्तानात रशियन ३६ टक्के, बाश्कीर साडेएकोणतीस आणि तातार २५ टक्के होते. ज्यांच्या नावाचं प्रजासत्ताक, तेच संख्येने पहिले नाहीत.

एवढे वेगळे लोक, मग त्यांच्यात सामायिक काय?

पुष्कळ. पेरणीशी जोडलेला सण घ्या. तातार-बाश्कीरांचा सबांतुय, चुवाशांचा अकातुय, मारींचा आगा पायरेम, उदमुर्तांचा गेर्बेर. नावं वेगळी, देव वेगळे, पण सण नांगराचाच. सबांतुय जूनमध्ये असतो. कुस्ती त्यातली मुख्य गोष्ट. दोघं एकमेकांच्या कमरेला टॉवेल गुंडाळतात, त्याची टोकं मुठीत घट्ट पकडतात आणि उचलून पाठीवर पाडायला बघतात. पायांना हात लावायचा नाही. जिंकणाऱ्याला जिवंत मेंढा मिळतो आणि तो खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारावी लागते. पूर्वी बक्षिसांसाठी गावातली पोरं घरोघर फिरून कशिदा केलेले टॉवेल गोळा करायची. त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनेच्या टॉवेलला सगळ्यांत मान.

संगीतही तसंच. तातार, चुवाश आणि मारी लोकगीतं पाच स्वरांत फिरतात. पहिल्यांदा ऐकलं की भूप चाललाय असं वाटून जातं. रशियन लोकगीतांत असं सहसा होत नाही. देवाणघेवाण उलटही झाली आहे: रशियाचं राष्ट्रीय खाणं समजल्या जाणाऱ्या पेल्मेनीचं (मांस भरून उकडलेल्या मोमोसारख्या पदार्थाचं) नाव उदमुर्त-कोमी लोकांच्या भाषेतून आलं.

खायचं काय? मुलगा शाकाहारी आहे.

पंचाईत आहे, उपासमार नाही. किस्तिबी मागवा: पातळ भाकरी दुमडून आत लोण्यात घोटलेला बटाटा. एचपोचमाक हे त्रिकोणी पाव-समोशासारखं असलं तरी आत बटाट्याबरोबर मांस असतं, तेव्हा बटाटा दिसला म्हणून फसू नका. तळलेल्या कणकेचे तुकडे मधात घोळून केलेलं चक-चक सगळीकडे मिळतं, कणकेत अंडं असतं. चहा दुधाचा. तिथे गेल्यावर सुखावणारी पहिली गोष्ट तीच.

लिपी किती वेळा बदलली?

तातारी हजारेक वर्षं अरबी लिपीत होती. १९२७-२८ मध्ये रोमन आली, १९३९ मध्ये रशियन. आजोबांची वही नातवाला वाचता येईना. १९९९ मध्ये तातारस्तानने रोमनकडे परत जायचा कायदा केला. २००२ मध्ये केंद्राने प्रजासत्ताकांच्या राज्यभाषांना सिरिलिक, म्हणजे रशियनची, लिपी सक्तीची केली आणि २००४ मध्ये संविधान न्यायालयाने ते उचलून धरलं. चुवाशांची लिपी इव्हान याकोव्हलेव्ह यांनी १८७० च्या दशकात सिरिलिकवर बेतली. त्यांच्या शाळेला मदत करणारे शाळा-अधिकारी होते इल्या उल्यानोव, लेनिनचे वडील.

या भाषा टिकतील का?

आकडे चांगले नाहीत. २०१० ते २०२१ या दोन जनगणनांत रशियातले तातार ५३ लाखांवरून ४७ लाखांवर आणि चुवाश १४ लाखांवरून साधारण १०.७ लाखांवर आले. २०२१ च्या मोजणीत लाखो लोकांनी राष्ट्रीयता सांगितलीच नाही, त्यामुळे आकडे जपून वाचावेत. पण दिशा कळते. तातारस्तानात तातारी सर्व शाळकरी मुलांना सक्तीची होती. २०१७ च्या अखेरीस ती ऐच्छिक झाली आणि २०१८ च्या केंद्रीय कायद्याने हेच सगळीकडे लागू झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये उदमुर्त अभ्यासक अल्बर्त राझिन यांनी भाषेच्या या अवस्थेच्या निषेधार्थ इझेव्स्कच्या विधानभवनासमोर आत्मदहन केलं. कझानच्या मेट्रोत स्थानकांची नावं तातारीत पुकारली जातात. पण घोषणेतली भाषा आणि स्वयंपाकघरातली भाषा यांत अंतर असतं, आणि शहरातल्या तरुण घरांत ते वाढतंय.

अशी सरमिसळ रशियाबाहेरही आहे का?

आहे. मोल्दोवातले गागाउझ तुर्की भाषा बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. १९९४ पासून त्यांना स्वायत्तता आहे. बल्गेरियातले पोमाक याच्या बरोबर उलट: बल्गेरियन बोलणारे मुसलमान. आणि सगळ्यांत नवलाचे लिपका तातार. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा राज्यकर्ता व्यतौतास याने त्यांना आपल्या राज्यात वसवलं. पुढे त्यांची मूळ भाषा विसरली गेली, पण धर्म राहिला. मग त्यांनी बेलारूसी आणि पोलिश भाषा अरबी लिपीत लिहायला सुरुवात केली. पोलंडमधल्या क्रुशिन्यानी गावात त्यांची हिरव्या रंगाची लाकडी मशीद उभी आहे, दिसायला थेट खेड्यातल्या चर्चसारखी.

महाराष्ट्राशी काही जुना संबंध?

अफानासी निकितीन. त्वेरचा हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात व्होल्गेतून निघाला. कझान बिनधोक ओलांडलं, पण आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. कर्ज फेडायला घरी जाण्यापेक्षा तो पुढे गेला आणि इराणमार्गे, एक घोडा घेऊन, १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, तरच परत देईन म्हणाला. एका खुरासानी माणसाने रदबदली केली, म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पुढे बिदर, मग दाभोळहून परत. घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. त्याच्या वहीत नाजूक मजकूर आणि प्रार्थना रशियनमध्ये नाहीत. त्या तुर्की, फारसी आणि अरबी मिसळलेल्या बाजारभाषेत आहेत. या ख्रिस्ती माणसाची वही संपते तीच मुसलमानी धर्तीच्या प्रार्थनेने. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अलिबागला गेलात तर वाट वाकडी करून जा.

गेलोच तर काय पाहावं?

कझानच्या क्रेमलिनमध्ये, म्हणजे किल्ल्यात, २००५ मध्ये उघडलेली निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीद आणि सोळाव्या शतकातलं अनन्सिएशन कथीड्रल काही पावलांवर आहेत. जवळच कललेला स्युयुंबिके मनोरा. तिथून जुनी तातार वस्ती पायी गाठा. स्वियाझ्स्क आता जवळपास बेटच आहे, कारण १९५० च्या दशकातल्या धरणाने व्होल्गा फुगली. बोल्गार या व्होल्गा बल्गारांच्या जुन्या शहराचे अवशेष २०१४ पासून जागतिक वारशात आहेत. उन्हाळ्यात तिथे नदीतून वेगवान बोटी जातात. जून गाठलात तर सबांतुय मिळेल. नोव्हेंबरनंतर नदी गोठते आणि बोटी बंद होतात.

तिथल्या माणसाला रशियन म्हटलं तर राग येतो का?

बहुतेक जण हसून सोडून देतात, काही दुरुस्त करतात. रशियनमध्ये 'रूस्की' म्हणजे वंशाने रशियन आणि 'रस्सियानिन' म्हणजे रशियाचा नागरिक. आयगुल आणि अन्ना दोघी दुसऱ्या प्रकारात येतात, पहिल्यात कोणीच नाही. नावावरूनही अंदाज बांधू नका, चुवाशांची आणि मारींची नावं बहुधा रशियनच असतात. 'तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?' असं विचारा. त्याचं उत्तर लोक आवडीने देतात, आणि बऱ्याचदा लांबलचक देतात.